कुठलाही संकेत, कुठल्याही पडद्यावर

फायबर ऑप्टिक मॅट्रिक्स स्विचर ही अनेक ठिकाणांहून फायबरमधून येणारे संकेत हवे तिथे वळवून देणारी पेटी आहे. तिच्यात एकीकडून इनपुट येतात, दुसरीकडून आउटपुट निघतात आणि एकही केबल न उपसता कोणताही इनपुट कोणत्याही आउटपुटला जोडता येतो. वृत्तवाहिनीत कॅमेरे, ओबी व्हॅन, उपग्रहावरून उतरणारी दृश्ये आणि ग्राफिक्सची यंत्रे हे तिचे इनपुट असतात. मॉनिटर, रेकॉर्डर आणि प्रक्षेपणाची मुख्य वाट हे आउटपुट. विमानतळाच्या किंवा मेट्रोच्या नियंत्रण कक्षात संगणक थंड खोलीत कुलूपबंद असतात आणि कर्मचाऱ्यांसमोर नुसते पडदे, कीबोर्ड व माउस असतात. कोणत्या टेबलाशी कोणता संगणक जोडायचा ते मधला मॅट्रिक्स ठरवतो. दुर्बिणीतून होणाऱ्या शस्त्रक्रियेचे चित्र सर्जनच्या पडद्यावर आणि शेजारच्या सभागृहातल्या विद्यार्थ्यांसमोर एकाच वेळी दाखवणारी यंत्रणाही याच जातीची.

आतली रचना आडव्या-उभ्या रेषांच्या जाळीसारखी असते. प्रत्येक आडवी रेषा एक इनपुट, प्रत्येक उभी रेषा एक आउटपुट आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे एक स्विच. १६ इनपुट आणि १६ आउटपुट असतील तर असे २५६ छेदबिंदू होतात. ६४ बाय ६४ ला ४,०९६. मोठ्या प्रक्षेपण केंद्रांसाठी १,१५२ बाय १,१५२ आकाराचे राउटर बनतात, त्यांच्या जाळीत १३ लाखांहून अधिक छेदबिंदू भरतात. नियम एकच: एक इनपुट कितीही आउटपुटांना देता येतो, पण एका आउटपुटवर एका वेळी एकच इनपुट.

या जाळीचे गणित टेलिफोनवाल्यांनी बरेच आधी सोडवून ठेवले होते. क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये आडव्या-उभ्या पट्ट्याच संपर्क जुळवत. डिजिटल एक्स्चेंज येईपर्यंत भारतातल्या शहरांतही अशी एक्स्चेंज होती. जाळी वाढली की स्विचांची संख्या वर्गाच्या पटीने फुगते, ही त्यांची मुख्य डोकेदुखी. बेल लॅबोरेटरीजमधल्या चार्ल्स क्लॉस यांनी १९५३ साली तिच्यावर उपाय मांडला. एक प्रचंड जाळी बांधण्याऐवजी लहान जाळ्यांच्या तीन पायऱ्या करायच्या आणि मधल्या पायरीत पुरेशा वाटा ठेवायच्या, म्हणजे कोणतीही जोडणी अडत नाही. १,००० बाय १,००० च्या सपाट जाळीला १० लाख छेदबिंदू लागतात. २५-२५ इनपुटांचे ४० गट आणि मध्ये ४९ जाळ्या अशी मांडणी केली तर तेच काम १,७६,४०० छेदबिंदूंत होते. आजचे मोठे राउटर आतून याच कल्पनेवर उभे असतात. तिचा विश्वासार्हतेलाही फायदा होतो: मधली एखादी जाळी बंद पडली तर संकेत दुसऱ्या वाटेने फिरवता येतात. स्वस्त यंत्रांत मात्र मधल्या वाटा काटकसरीने ठेवलेल्या असतात. अशा यंत्रात ऐन गर्दीच्या वेळी एखादी जोडणी नाकारली जाऊ शकते, म्हणून जाहिरातीत ‘नॉन-ब्लॉकिंग’ हा शब्द आहे का, एवढे पाहून भागत नाही. सर्व आउटपुट एकदम मागून पाहावे लागतात.

तांब्याची तार सोडून फायबर घ्यायचे पहिले कारण अंतर. प्रत्येक रंगाला आठ बिट धरले तर सेकंदाला ६० चौकटींच्या फोरके चित्रात नुसते दृश्यच सेकंदाला सुमारे १२ गिगाबिट भरते. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलमधून एवढा संकेत काही मीटरांपलीकडे धड जात नाही. दहा गिगाबिटचा संकेत चांगल्या मल्टिमोड फायबरमधून ३०० ते ४०० मीटर आणि सिंगलमोड फायबरमधून १० किलोमीटर सहज जातो; वेगळे लेझर वापरले तर त्याहून खूप पुढे. सिंगलमोड फायबरमध्ये १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किलोमीटरमागे सुमारे ०.२ डेसिबल घटतो, म्हणजे १५ किलोमीटरनंतरही निम्मा शिल्लक राहतो.

दुसरे कारण वीज. फायबरमधून विद्युतप्रवाह जात नाही. त्यामुळे दोन इमारतींच्या अर्थिंगमधल्या फरकाने चित्रात येणारी गुणगुण आणि पट्टे राहत नाहीत. जवळ पडलेल्या विजेचा झटका केबलवाटे यंत्रापर्यंत पोचत नाही, आणि केबल स्वतःही रेडिओ लहरी बाहेर सोडत नाही. नारायणगावजवळच्या खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांचे संकेत मध्यवर्ती इमारतीपर्यंत फायबरनेच आणले जातात. अवकाशातल्या अत्यंत क्षीण लहरी ऐकणाऱ्या यंत्रणेला किलोमीटरच्या किलोमीटर पसरलेल्या केबलचा गोंगाट परवडणारा नसतो. संरक्षण खात्यांना आणि हवाई नियंत्रणाला फायबर आवडते त्यातही हा भाग आहे. फायबरमधून माहिती चोरताच येत नाही, असे मात्र विक्रेते उगाच सांगतात. फायबर वाकवून थोडा प्रकाश बाहेर काढता येतो. ते तांब्याच्या तारेपेक्षा अवघड असते, इतकेच.

पेटीच्या आत प्रकाशाचे काय होते, यावरून या स्विचरचे दोन पंथ पडतात. पहिल्यात प्रकाश आत आल्या आल्या फोटोडायोडवर पडून विजेचा संकेत होतो. त्याची घडी नीट बसवली जाते, म्हणजे वाटेत डळमळलेले बिट पुन्हा ठरलेल्या तालावर आणले जातात. मग इलेक्ट्रॉनिक जाळीतून तो हव्या आउटपुटकडे जातो आणि तिथल्या लेझरमुळे पुन्हा प्रकाश होऊन बाहेर पडतो. येणे-जाणे बोटाएवढ्या एसएफपी मॉड्यूलमधून होते; ते चालू यंत्रातून ओढून बदलता येते. या पद्धतीत बाहेर पडणारा संकेत नव्या दमाचा असतो, एकाचे दहा करणे सोपे असते आणि जोडणी क्षणार्धात बदलते. तोटा असा की यंत्र ठरावीक वेगापुरतेच बांधलेले असते. तीन गिगाबिटसाठी घेतलेला मॅट्रिक्स बारा गिगाबिटच्या चित्राला चालत नाही.

दुसऱ्या पंथात प्रकाशाची वीज होतच नाही. सिलिकॉनवर कोरलेले सूक्ष्म आरसे विजेच्या दाबाने किंचित कलतात आणि एका फायबरमधून आलेला किरण दुसऱ्या फायबरच्या तोंडात नेऊन सोडतात. आरशाला बिटचा वेग कळतच नाही, त्यामुळे आज १० गिगाबिटला लावलेली पेटी उद्या १०० किंवा ४०० गिगाबिटलाही चालते. ल्युसेंट कंपनीने १९९९ मध्ये २५६ मार्गांचा असा आरशांचा स्विच गाजावाजा करून जाहीर केला होता. दूरसंचार उद्योगाचा फुगा फुटला आणि काही वर्षांतच तो गुंडाळावा लागला. कल्पना मात्र टिकली. गूगलच्या विदा केंद्रांत ‘पालोमार’ नावाचे १३६ बाय १३६ आकाराचे आरशांचे स्विच चालतात. त्यांच्या टीपीयू व्ही४ या संगणकात ४,०९६ चिप ६४-६४ च्या ठोकळ्यांत बसवलेल्या असून ते ठोकळे ४८ प्रकाशीय स्विचांनी एकमेकांना जोडलेले आहेत. ६४ ठोकळ्यांची दोन-दोन टोके मिळून प्रत्येक स्विचवर १२८ पोर्ट लागतात; वरचे आठ चाचणी आणि दुरुस्तीसाठी राखून ठेवलेले असतात. एखादा ठोकळा बिघडला की आरसे कलवून त्याला वगळतात आणि काम पुढे चालू राहते. गूगलच्या अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या माहितीनुसार प्रकाशीय स्विच आणि त्यांचे भाग यांचा वाटा संपूर्ण यंत्रणेच्या खर्चात ५ टक्क्यांहून आणि विजेत ३ टक्क्यांहून कमी आहे.

मग सगळीकडे आरसेच का नाहीत? कारण आरसा प्रकाश वळवतो, वाढवत नाही. एका इनपुटचे दहा आउटपुट करायचे तर प्रकाशाचे दहा तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा दहा डेसिबलने अशक्त होतो. वाहिनीत एकच दृश्य पन्नास मॉनिटरांवर पाठवणे हे रोजचे काम, त्यामुळे तिथे पहिला पंथच राज्य करतो. आरशांचे स्विच विदा केंद्रांत आणि चाचणी प्रयोगशाळांत रमले.

वैशिष्ट्यांच्या यादीत इनपुट-आउटपुटची संख्या ठळक छापलेली असते, पण रोज वापरणाऱ्याला भिडतात त्या गोष्टी तिच्याखाली बारीक अक्षरांत असतात. पहिली म्हणजे स्वच्छ बदल. एका दृश्यावरून दुसऱ्यावर जाताना चित्र उडू नये म्हणून सर्व स्रोत एकाच तालावर बांधलेले असावे लागतात आणि स्विचने दोन चौकटींमधल्या रिकाम्या वेळातच उडी मारावी लागते. एचडी चित्रात त्यासाठी ठरावीक ओळ नेमलेली आहे. संगणकाच्या चित्रात वेगळीच भानगड असते. पडदा आपली माहिती एका छोट्या नोंदीतून संगणकाला कळवतो आणि संगणक त्याप्रमाणे चित्र पाठवतो. मध्ये मॅट्रिक्स आला की ही ओळखदेख तुटते आणि जोडणी बदलताच पडदा दोन-चार सेकंद काळा होतो. चांगला स्विचर ही नोंद स्वतःजवळ साठवून संगणकाला सतत पुरवत राहतो, त्यामुळे आपला पडदा बदलला हे संगणकाला कळतही नाही. चित्रपटांवरच्या नक्कलरोधक कुलपाचेही असेच. कुलूपबंद चित्र मॅट्रिक्समधून जाते का, आणि एका वेळी किती पडद्यांवर, हे खरेदीपूर्वीच विचारलेले बरे. निविदेत हा प्रश्न हमखास सुटतो आणि उद्घाटनाच्या दिवशी सभागृहातला पडदा काळा राहतो.

याशिवाय चित्र एकीकडे आणि आवाज दुसरीकडे पाठवण्याची सोय, पन्नास जोडण्या एका बटणावर एकदम बदलणारे साठवलेले संच, प्रक्षेपणाच्या वाटेला लावायचे कुलूप आणि कोणी कोणती जोडणी कधी बदलली याची नोंद, एवढे असले की बहुतेकांचे भागते. कुलूप ही क्षुल्लक सोय वाटते. पण थेट बातम्या चालू असताना कोणी चुकून मुख्य आउटपुटवर रंगीत पट्ट्या टाकल्या, तर तोही बिघाडच. फक्त तो यंत्राचा नसतो.

विश्वासार्हतेचा प्रश्न इथे तिखट होतो, कारण सगळ्या वाटा एका पेटीत आलेल्या असतात. एक मॉनिटर गेला तर एक मॉनिटर जातो, मॅट्रिक्स गेला तर खोली आंधळी होते. माहितीपत्रकात यावर एकच आकडा दिलेला असतो: एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. एक लाख तास वाचून खरेदी समिती खूश होते, कारण ती अकरा वर्षांहून अधिक भरतात. त्याचा अर्थ ही पेटी अकरा वर्षे चालेल असा नसतो. अशा शंभर पेट्या चालवल्या तर दर हजार तासांनी, म्हणजे साधारण दीड महिन्याला, त्यांतली एखादी बिघडेल, एवढेच तो आकडा सांगतो. बिघाड असे सरासरीने येत राहिले तर ते एक लाख तास उलटेपर्यंत शंभरांतल्या सुमारे ६३ पेट्या एकदा तरी दगा देऊन बसलेल्या असतात.

त्याहून महत्त्वाचा आकडा माहितीपत्रकात सहसा नसतो: दुरुस्तीला लागणारा वेळ. पन्नास हजार तास एमटीबीएफची पेटी घ्या. सुटा भाग कपाटात आहे आणि बदलणारा माणूस हजर आहे, म्हणून दुरुस्ती चार तासांत होते असे धरले, तर वर्षाला सरासरी ४२ मिनिटे ती बंद राहील. तीच पेटी, पण भाग परदेशातून येणार आणि पंधरा दिवस लागणार. मग वर्षाची सरासरी जाते सुमारे ६३ तासांवर. यंत्रात काडीचाही फरक पडलेला नसतो. निविदेत एमटीबीएफसाठी गुण आणि सुट्या भागांसाठी शून्य तरतूद ही पद्धत म्हणूनच महागात पडते.

इलेक्ट्रॉनिक जाळीची चिप क्वचितच मरते. आधी जातात फिरणाऱ्या आणि तापणाऱ्या गोष्टी. पंख्याचे बेअरिंग झिजते, हवा आत घेणाऱ्या जाळीवर धूळ बसते, आतले तापमान चढते. पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून बऱ्या यंत्रात दोन पॉवर सप्लाय असतात. एकटा संपूर्ण भार पेलू शकतो आणि बिघडलेला चालू यंत्रातून काढता येतो. ही सोय पुष्कळदा यंत्राबाहेर वाया जाते. रॅकच्या मागे डोकावले तर दोन्ही वायरी एकाच एक्स्टेन्शन बोर्डात खोचलेल्या दिसतात. त्या बोर्डाचा फ्यूज उडाला की दुहेरी पॉवर सप्लायचे पैसे पाण्यात. एक वायर एका यूपीएसवर आणि दुसरी वेगळ्या यूपीएसवर किंवा वेगळ्या फेजवर हवी.

नियंत्रण कार्डाबाबत विचारायचा प्रश्न असा: ते मेले तर चालू जोडण्या तशाच राहतात का? चांगल्या यंत्रात राहतात. नवी जोडणी करता येत नाही, पण आहे ते चित्र हलत नाही, आणि दुसरे कार्ड असेल तर ते सूत्रे हाती घेते. वीज जाऊन परत आल्यावर यंत्राने आधीच्या सर्व जोडण्या स्वतःहून लावायला हव्यात. आरशांच्या स्विचमध्ये इथे एक मेख आहे. विजेच्या दाबाने कलून राहणारा आरसा वीज जाताच जागा सोडतो आणि सर्व वाटा तुटतात. काही स्विच यांत्रिक खटक्याने जागच्या जागी अडकून राहतात. ते वीज नसतानाही प्रकाश जाऊ देतात.

फायबरच्या यंत्रणेतले सर्वाधिक बिघाड मात्र पेटीत नसतातच, ते कनेक्टरच्या तोंडावर असतात. सिंगलमोड फायबरचा प्रकाश वाहून नेणारा गाभा जेमतेम नऊ मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सात-आठव्या हिश्शाएवढा. त्यावर बसलेला धुळीचा एक कण किंवा बोटाचा तेलकट ठसा निम्मा प्रकाश खाऊ शकतो. शिवाय कनेक्टर जोडताच तो कण समोरच्या काचेतही रुततो. प्लास्टिकचे टोपण घातले म्हणजे टोक स्वच्छ राहिले असे नाही, टोपणातही कचरा असतो. म्हणून शिस्त अशी: आधी सूक्ष्मदर्शकातून पाहायचे, मग पुसायचे, मग पुन्हा पाहायचे आणि तेव्हाच जोडायचे. सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याचा असावा; नुसत्या डोळ्याने चालू फायबरमध्ये डोकावणे धोक्याचे, कारण त्यातला अवरक्त प्रकाश दिसत नाही आणि डोळ्याला इजा करू शकतो.

एवढ्याशा धुळीने काय बिघडते, ते प्रकाशाच्या हिशेबातून दिसते. दहा गिगाबिटच्या, दहा किलोमीटरच्या सर्वसाधारण मॉड्यूलमधून कमीत कमी उणे ८.२ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचे एकक) प्रकाश निघतो आणि समोरच्याला निदान उणे १४.४ तरी लागतो. म्हणजे वाटेत उधळायला ६.२ डेसिबल हातात. सहा किलोमीटर फायबरला २.१ गेले, चार कनेक्टरांना १.२. उरले २.९. मध्ये दोन डेसिबल खाणारा आरशांचा स्विच बसवला की शिल्लक ०.९ डेसिबल. आता एका कनेक्टरवर धूळ बसली किंवा एखादी केबल दाराच्या चौकटीशी चेपली, की चित्रात ठिपके उडू लागतात. तेही रोज नाही, दुपारी खोली तापल्यावर. असा बिघाड शोधताना माणसे आधी स्विचर बदलतात, मग मॉड्यूल, आणि कापडाचा तुकडा शेवटी हातात घेतात. इलेक्ट्रॉनिक स्विचर मध्ये असता तर त्याने संकेत नवा करून पाठवला असता आणि दोन्ही बाजूंचा हिशेब वेगवेगळा मांडता आला असता.

सुदैवाने एसएफपी मॉड्यूल स्वतःची तब्येत सांगते. तापमान, विजेचा दाब, लेझरचा प्रवाह, बाहेर जाणारा प्रकाश आणि आत येणारा प्रकाश, या पाच गोष्टी ते स्विचरला कळवत राहते. आत येणारा प्रकाश महिन्यागणिक घटत असेल तर वाटेत काही बिघडते आहे. बाहेरचा प्रकाश तेवढाच, पण लेझरचा प्रवाह चढत असेल तर लेझर म्हातारा होतो आहे. हे आकडे पडद्यावर दाखवून मर्यादा ओलांडताच इशारा देणारा स्विचर आणि नुसता हिरवा दिवा लावणारा स्विचर यांच्या किमतीत फार फरक नसतो, उपयोगात असतो.

फायबरची बाकी पथ्ये साधी आहेत. नेहमीचे सिंगलमोड फायबर तीन सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येत वळवू नये. पट्ट्यांनी जुड्या आवळू नयेत. पिवळे सिंगलमोड आणि निळसर हिरवे मल्टिमोड एकमेकांना जोडू नये. मल्टिमोडच्या रुंद गाभ्यातला बहुतेक प्रकाश सिंगलमोडच्या बारीक गाभ्यात शिरतच नाही. उंदरांपासून वाचवण्यासाठी केबल पाइपमधून न्यावी.

जिथे एक सेकंदही परवडत नाही तिथे दोन मॅट्रिक्स ठेवतात आणि प्रत्येक महत्त्वाचा संकेत दोन्हींत नेतात. शेवटी एक लहान बदली-स्विच असतो. पहिल्या वाटेवरचा संकेत तुटला की तो दुसरी उचलतो. आता सगळा भार त्या एकाच पेटीवर आला, असा आक्षेप कोणी घेऊ शकेल आणि तो बरोबर आहे. पण दोन इनपुटांची साधी पेटी हजार इनपुटांच्या पेटीपेक्षा खूपच कमी वेळा बिघडते, आणि बिघडली तरी एकच वाट जाते. २०१७ पासून आलेल्या एसटी २११० मानकांनुसार नव्या वाहिन्या चित्र-आवाज संगणकी जाळ्यावरून पाकिटांच्या रूपाने पाठवू लागल्या आहेत. तिथे तोच संकेत दोन स्वतंत्र जाळ्यांतून जातो आणि घेणारे यंत्र दोन्हींतली शाबूत पाकिटे जुळवून अखंड चित्र उभे करते. मॅट्रिक्सचे काम त्यात नाहीसे होत नाही, ते सामान्य नेटवर्क स्विच आणि सॉफ्टवेअर यांच्यात वाटले जाते. त्याबरोबर घड्याळ जुळवण्याच्या आणि सॉफ्टवेअर अद्ययावत ठेवण्याच्या नव्या कटकटीही येतात. म्हणून मध्यम आकाराच्या नियंत्रण कक्षांना एक पेटी, एक पॅनेल ही जुनी मांडणीच अजून सोयीची पडते.

यंत्र ताब्यात घेण्याआधीची चाचणी विक्रेत्याच्या माणसासमोर करायची असते आणि ती थोडी निर्दय हवी. सर्व आउटपुटांवर चित्र असताना एक पॉवर सप्लाय ओढायचा, तो परत लावून मग दुसरा. नियंत्रण कार्ड काढायचे. पंख्यांचा ट्रे काढून इशारा किती वेळात येतो ते पाहायचे. संपूर्ण वीज बंद करून पुन्हा लावायची आणि सर्व जोडण्या आपोआप परतायला किती सेकंद लागले ते लिहून ठेवायचे. त्यानंतर प्रत्येक पोर्टवर आत येणाऱ्या प्रकाशाचा आकडा तक्त्यात उतरवायचा, आणि तो तक्ता रॅकच्या दारावर चिकटवायचा. दर सहा महिन्यांनी त्याच्याशी ताळा घ्यायचा. एखाद्या पोर्टवर दोन डेसिबलहून अधिक घट दिसली की स्विचरला हात लावण्यापूर्वी त्याचे कनेक्टर पुसायचे.